सदस्य क्रमांक अकरा: गैरहजर

आमच्या चाळीत महिन्यातून एकदा मेलेल्या माणसांची हजेरी व्हायची.

घरमालकाचा मेहता पहिल्या आठवड्यात सकाळी भाडं वसूल करायला यायचा. पहिल्या मजल्याच्या जिन्याशी कुणीतरी त्याला खुर्ची आणून द्यायचं. मांडीवर पावतीपुस्तक ठेवून तो खोलीवार नावं पुकारायचा. ती नावं पावतीवरची असत, आणि पावतीवरची माणसं बहुतेक सगळी कधीच गेलेली. खोली पहिल्यांदा ज्याने घेतली त्याचं नाव पावतीवर लागलं ते लागलं. बदलायचं तर मालकाच्या हातापाया पडा, आणि पडूनही तो कुठे खोडा घालील याचा नेम नाही. त्यापेक्षा आजोबांना जिवंत ठेवणं सोयीचं. मेहता माझ्या आजोबांचं नाव घेई आणि माझे वडील दाढीचा साबण पुसत गॅलरीतून ओरडत, "आहे!"

मी आजोबांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधी चार वर्षं ते वारले. तरी लाइटचं बिल त्यांना यायचं, नळदुरुस्तीचा अर्ज त्यांचा असायचा, आणि अर्जाखालची त्यांची सही कधी वडील करत, कधी आई, पुढे मी. त्यात काही खोटं आहे असं आम्हाला वाटत नसे. परळ-लालबागच्या चाळींत घरटी असं एक वडीलधारं माणूस कागदावर नांदत होतं.

पंचाईत व्हायची ती सुनांची. मेहता कानाने जड होता. पावती घ्यायला जो समोर येईल त्याला तो पुन्हा विचारायचा, "नाम बोलो." आणि सासऱ्याचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मग बायका आजूबाजूच्या कुणालाही हाताशी धरत. "जरा आमचं नाव सांग रे," असं म्हणत. मी शेजारच्या खोलीचं नाव असं कितीदा सांगितलं असेल त्याची गणती नाही. शेजारच्या खोलीत वहिनी राहायची.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी सहावीत होतो. माहेर मालवणकडचं. नवरा छापखान्यात कामाला, आईबापांचा एकुलता एक. सासरे तिच्या लग्नाआधीच गेलेले, म्हणजे ज्या माणसाचं नाव घ्यायला ती कचरायची त्याला तिने डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. एरवी ती कशालाच कचरत नसे. सगळी चाळ तिला वहिनी म्हणायची, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. परळच्या एका हॉस्पिटलात ती आया म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. दुपारची ड्युटी संपवून आली की गॅलरीत फिनेलचा वास यायचा, आणि पाठोपाठ तिच्या गोष्टी. कुठल्या डॉक्टरचं कुठल्या नर्सशी जमलंय, कुठल्या पेशंटच्या दोन बायका एकाच वेळी भेटायला आल्या आणि हिने एकीला जिन्याने, एकीला लिफ्टने कसं वाटेला लावलं. आई निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून ऐकत बसायची.

आठवीत असताना मी चेंडू काढायला पत्र्यावर चढलो आणि पडलो. कोपर मोडलं. वडील ड्युटीवर, आई नुसती रडत बसलेली. वहिनी नुकतीच कामावरून आली होती. तिने माझा हात टॉवेलने गळ्यात बांधला आणि मला चालवत पुन्हा हॉस्पिटलात नेलं. रस्त्यात मसाल्याच्या डंक्यांपाशी तिखटाच्या धुळीने मला शिंका येत होत्या, प्रत्येक शिंकेला कळ मस्तकात जात होती, आणि ती म्हणत होती, "शिंक, शिंक. रडण्यापेक्षा बरं." अपघात विभागात ही गर्दी. दारावरच्या वॉर्डबॉयने तिला अडवलं.

"वैनी, लायनीत. कोण हा?"

"दीर माझा."

"तुला दीर कधीपासून?"

"सख्खा आहे. सरक."

आम्ही आत गेलो.

तेव्हाची चाळ आज माझ्यासमोर आहे तशी उभी राहते. सकाळी सहाला नळावर कळशांचा आवाज. कठड्यावर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्या राखायला बसवलेली एखादी म्हातारी. दिवाळीच्या दिवसांत कंदिलाचा कागद चिकटवायला सगळ्यांना लागणारी एकच खळ, ती वहिनीच्या स्टोव्हवर शिजायची. कुणाच्या घरी पाहुणे आले तर झोपायला आमची मुलं शेजारी, शेजारची मुलं आमच्याकडे. मी गेली तीस वर्षं दादरला फ्लॅटमध्ये राहतो. दोन खोल्या, स्वतःचा नळ, स्वतःचं दार. शेजारच्यांचं आडनाव मी दारावरच्या पाटीवरून वाचलं आहे.

नोकरी मला सरकारी मिळाली. शहरातल्या घरांचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयात मी कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना वरून हुकूम आला, की शहराच्या गृहनिर्माण धोरणासाठी एक कृतिगट नेमायचा आहे. सदस्य अकरा. नावांची शिफारस करणारी टिपणी आमच्या शाखेने तयार करायची आणि बैठकींचं इतिवृत्त मी लिहायचं.

दहा जागा पटापट भरल्या. वास्तुविशारद, बँकवाले, बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचे एक, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे परिचय चार-चार पानांचे. प्रत्येकासाठी कुणाचा ना कुणाचा फोन आलेला. अकरावी जागा होती 'चाळ रहिवासी प्रतिनिधी'. तिच्यासाठी कुणाचाच फोन नव्हता. माझ्या बाजूच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "ही जागा कशाला ठेवलीय माहितीय का? फोटोत शेवटी उभं राहायला कुणीतरी लागतं."

मला ते लागलं. मी ठरवलं, ही जागा नीट भरायची. आणि मग मी पहिली चूक केली, जिच्याबद्दल मला आजही पुरता पश्चात्ताप होत नाही. चार चाळींना पत्रं पाठवून नावं मागवायची होती. तीन पत्रं मी उशिरा रवाना केली. चौथं, आमच्या चाळीचं, त्याच दिवशी पाठवलं आणि वर चाळीच्या सेक्रेटरीला फोन करून सांगितलं, "शनिवारच्या आत एक नाव द्या. चांगलं द्या." मी त्या चाळीतला आहे हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या लेखी मी दादरचा.

त्या शनिवारी चाळीची सभा झाली. आई तेव्हा तिथेच राहत होती, तिने फोनवर इत्थंभूत सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, बोलायला तिखट, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांना वाटत होतं आपलंच नाव येणार. पण कुणीतरी वहिनीचं नाव काढलं आणि सभेने माना डोलावल्या. कारण उघड होतं. कुठलेही सर्वेवाले चाळीत आले की वहिनी त्यांच्याबरोबर खोलीखोलीतून फिरायची. "कागदावर एक, आत सात. सात लिहा," असं ठणकावून सांगायची. कुठल्या खोलीत विधवा बहीण राहते, कुठे भाचा, कुठे कुणाचं नाव लागायचं राहिलंय, हे तिला तोंडपाठ. भाऊ शेवटी म्हणाले, "जाऊ दे तिलाच. साहेब लोकांनाही इंजेक्शन देऊन येईल." सगळे हसले.

सेक्रेटरीने नाव कळवलं. पत्रात रहिवासाचा पुरावा मागितला होता. पुरावा म्हणजे भाडेपावती. नाव पुराव्याशी जुळलं पाहिजे. तेव्हा त्याने चाळीत जे वर्षानुवर्षं चालत आलं तेच केलं. वहिनीच्या खोलीचा क्रमांक घातला आणि पुढे पावतीवरचं नाव लिहिलं. तिच्या सासऱ्यांचं.

कागद माझ्या हातात आला तेव्हा मी मनात हसलो. हे नाव म्हणजे वहिनी, हे मला पक्कं माहीत होतं. त्यात काही वावगं आहे असं डोक्यातच आलं नाही. मी स्वतः माझ्या आजोबांच्या सह्या करून मोठा झालो होतो. टिपणीत शेवटच्या ओळीत ते नाव मी 'श्री.' लावून टाइप करून घेतलं. वर मंजुरी झाली. शहराच्या घरांचं धोरण ठरवायला आम्ही एक असा माणूस नेमला, ज्याला जाऊन पन्नास वर्षं होत आली होती.

पहिली बैठक सकाळी अकराला होती. मुख्य इमारतीतला वरचा हॉल, लांब टेबल, प्रत्येकासमोर नावाची पाटी आणि पाण्याची बाटली. अकराला दहा कमी असताना, म्हणजे वेळेच्या दहा मिनिटं आधी, वहिनी आली. निळी काठाची साडी, खांद्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीत वही होती. त्या वहीत तिने आठवडाभर बसून चाळीतल्या सगळ्या खोल्या लिहिल्या होत्या: डावीकडे पावतीवरचं नाव, उजवीकडे आत खरं कोण राहतं ते. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी ती वही पिशवीतून बाहेर आलीच नाही.

दारावरच्या शिपायाने तिला पॅन्ट्रीकडे वळवलं. तिने त्याला पत्र दाखवलं आणि ती आत आली. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा सुटला. ओळखीचं माणूस दिसल्यावर सुटतो तसा. मी अध्यक्षांच्या डाव्या हाताला वही उघडून बसलो होतो. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. बहुतेक नाही.

अध्यक्ष मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बोला बाई, कुणाकडे काम आहे?"

"मीटिंग आहे ना? त्यालाच आले."

"आपण कोणत्या सदस्यांच्या वतीने?"

वहिनीने टेबलाच्या टोकाकडे बोट केलं. तिथे अकराव्या खुर्चीसमोर पाटी होती. "ती आमची पाटी."

अध्यक्षांनी यादी पाहिली. "इथे पुरुषाचं नाव आहे. आपलं नाव काय? ह्यांच्याशी आपलं नातं काय?"

"सासरे."

"मग ते येणार आहेत का?"

वहिनी हसली. "ते आता कुठून येणार साहेब? ते कधीच गेले."

टेबलाभोवती हशा पिकला. बँकवाले शेजाऱ्याच्या कानाशी काही म्हणाले. अध्यक्ष हसले नाहीत, त्यांना खरोखर उलगडा होत नव्हता. ते म्हणाले, "एक मिनिट. आपल्याला पत्र नक्की कुणाच्या नावाने आलंय? नाव सांगा बरं."

वहिनीच्या हातात पत्र होतं. ती वाचून दाखवू शकली असती. पण ते नाव तिने अख्ख्या आयुष्यात उच्चारलं नव्हतं, आणि तिथे दहा अनोळखी माणसांपुढे तिची जीभ रेटेना. तिने माझ्याकडे पाहिलं. चाळीत मेहत्यापुढे उभी राहून पाहायची अगदी तसंच. ती "आमचं नाव सांग रे" म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "हे तुमच्या शाखेतून आलंय ना? तुम्ही ह्या बाईंना ओळखता का?"

दोन वाक्यं पुरली असती. सर, चाळीत पावती मूळ भाडेकरूच्या नावावर राहते, सभेने निवडलंय ते ह्यांना. दुरुस्तीचा कागद मी दुपारपर्यंत काढतो. एवढंच. पण माझ्या डोक्यात भलताच हिशेब चालू झाला. ओळखतो म्हटलं तर कसे ओळखता विचारतील. मग चाळ माझी निघेल. मग तीन पत्रं उशिरा का गेली ते निघेल. मृत माणसाचं नाव मंजुरीला कुणी पाठवलं ते निघेल. निवृत्तीला नऊ महिने, चौकशी लागली तर पेन्शन लटकणार.

मी म्हणालो, "नाही सर. रेकॉर्डवर पुरुष सदस्यांचं नाव आहे. मी पडताळून घेतो."

 मला वाटलं आता वहिनी बोलणार. ती बोलणारी बाई होती. ती एवढंच म्हणाली, "माझीच काहीतरी चूक झाली असेल साहेब." आणि पत्राची घडी करून पिशवीत ठेवली. जाताना तिने दार हळू ओढून घेतलं, वॉर्डात झोपलेला पेशंट असावा तसं.

मी इतिवृत्तात लिहिलं: सदस्य क्रमांक अकरा, गैरहजर.

शुद्धिपत्रक काढायचं असं मी त्या दिवशी ठरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही. पण शुद्धिपत्रकाला कारण लिहावं लागतं. दुसऱ्या बैठकीचं पत्र पुन्हा त्याच नावाने गेलं, तिसऱ्याचंही. ती खुर्ची रिकामी राहिली आणि मी तेच शब्द लिहिले. सलग तीन गैरहजेऱ्यांनी सदस्यत्व गेलं. त्या जागी आणखी एक वास्तुविशारद आले. धोरणाचा मसुदा मी निवृत्त होण्याआधीच झाला. त्यात पात्र रहिवासी म्हणजे भाडेपावतीवर ज्याचं नाव तो, असं एक वाक्य होतं. ते मीच दोनदा तपासून दिलं, टंकलेखनाच्या चुकांसाठी.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते वेगळं आहे.

त्या बैठकीनंतरच्या रविवारी मी आईकडे गेलो. सुरमईची कढी होती. आई वाढता वाढता चिडून म्हणाली, "ऐकलंस का? सगळ्या चाळीने हिला निवडून दिलं, नि ही गेलीच नाही."

"कोण?"

"वैनी, दुसरं कोण? म्हणते डोकं चढलं म्हणून हिंदमातालाच बसमधून उतरले नि परत फिरले. भाऊ म्हणतायत, हिंदमाताला सगळी साड्यांची दुकानं, तिथे उतरली म्हणजे साडी घ्यायला उतरली. साहेब लोक बघून हातपाय गळले असतील."

मी ताटात बघत राहिलो. ती गेली होती, हे आईला सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. एवढ्यात वहिनी बादली घेऊन गॅलरीतून गेली. दारात थबकली. "काय रे, कधी आलास? बरा आहेस ना?" नेहमीच्याच आवाजात. मी म्हणालो, "बरा आहे." ती म्हणाली, "जेव, जेव." आणि पुढे गेली. 

गोष्ट तिथे थांबली नाही. गोष्टी थांबत नाहीत. हिंदमाताची साडी आधी तिने स्वतः घेतली होती, दिवाळीपर्यंत ती बिल्डरने घेऊन दिली. भाऊंनी तिला 'साडीवाली सदस्य' असं नाव ठेवलं. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ती जिन्यात आली की बोलणं बंद होई. पुढे सर्वेवाले आले तेव्हा सेक्रेटरी तिला न बोलवता स्वतः फिरला. पुनर्विकासाची समिती झाली, तिच्यात तिचं नाव कुणी सुचवलं तर भाऊ म्हणाले, "नको बाबा. ऐन वेळी ती बसमधून उतरते." नवरा तिचा तोवर वारला होता, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. ज्या चाळीचं तिने चाळीस-पन्नास वर्षं केलं, त्या चाळीत ती दार लोटून बसायला लागली. हे सगळं मला आई सांगायची. चवीने नाही, वाईट वाटून. आणि मी ऐकायचो. पेन्शन वेळेवर सुरू झाली होती.

आई गेली त्याला सात वर्षं झाली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात सेक्रेटरीच्या मुलाचा फोन आला. आता तोच सेक्रेटरी आहे. चाळ खाली होणार, सगळे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरांत पांगणार, त्याआधी शेवटचं स्नेहसंमेलन आहे. "काका, तुम्ही जुन्या दिवसांबद्दल दोन शब्द बोला. हसवा जरा सगळ्यांना." मी हो म्हटलं. मेहत्याची हजेरी, कुरडया, पाहुणे, सगळं कागदावर उतरवलं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परळला गेलो.

वहिनी ऐंशीच्या पुढे गेली आहे. गुडघे गेलेत, कान शाबूत. पलंगावर बसून मुलीने पाठवलेल्या खोक्यांत भांडी भरत होती. मी खुर्चीवर बसलो आणि तिला एकेक भांडं देत राहिलो.

"बोल," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी आलायस तो चहासाठी नाही."

"वहिनी, त्या दिवशी मी…"

"माका ठाऊक हा काय केलंस ते. मी होते ना तिथे."

"तू चाळीत का नाही सांगितलंस? एका शब्दाने तुझ्यावरचं सगळं उतरलं असतं."

"आणि तुझ्या आयशीवर चढलं असतं." तिने पातेल्यात पेपर कोंबला. "ती रोज सकाळी माझ्या दारात उभी राहून तुझं कौतुक सांगायची. माझा मुलगा साहेबांच्या शेजारी बसतो. तिला मी काय सांगू? तुझा मुलगा मला ओळखत नाही म्हणाला?"

"ती जाऊन सात वर्षं झाली."

"हो ना," वहिनी म्हणाली. "सात वर्षं मी पण वाट बघतेय, तू कधी येतोस."

मी विचारलं, संमेलनात सगळ्यांसमोर सांगू का. तिने पातेलं खोक्यात ठेवलं. मग म्हणाली, "सांग. पण गोड करून सांगू नकोस. परिस्थिती होती नि मन दुखलं, असलं काही नको. मी गेले होते, एवढं सांग."

संमेलन अंगणात होतं, संध्याकाळी. शे-दीडशे माणसं, अर्ध्या पोरांना मी ओळखत नव्हतो. मी मेहत्याची हजेरी सांगितली तेव्हा सगळे हसले. भाऊ पुढच्या रांगेत होते, ते सगळ्यात मोठ्याने हसले. मग मी त्याच दमात पुढचं सांगितलं. पत्रं, यादी, पाटी, अध्यक्षांचा प्रश्न, माझं उत्तर.  

पहिल्यांदा बोलली ती तळमजल्यावरची एक बाई, माझ्या आईची मैत्रीण. "म्हणजे तू नाही म्हणालास? हिला ओळखत नाही म्हणालास?"

"हो."

"हिला?"

"हो काकी."

तिने खुर्ची फिरवून घेतली.

भाऊ उठले. नव्वदीला आलेला माणूस, काठी टेकत वहिनीच्या खुर्चीपर्यंत गेले. म्हणाले, "अगं बये, मग बोलली का नाहीस? आम्ही इतकी वर्षं काय काय म्हणत होतो…"

"तुम्ही विचारलंत कुठे भाऊ? तुम्ही एकमेकांना सांगत होता."

 कुणीतरी भाऊंना खुर्ची दिली. तिच्या शेजारी बसून ते तिच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होते. काय ते मला माहीत नाही. जेवणाची ताटं आली तेव्हा बायका एकेक करून तिच्याभोवती जमल्या. एकीने विचारलं, "वैनी, नवीन यादी झालीय, आमची खोली बरोबर लिहिलीय का बघतेस?" तिने चष्मा मागवला. माझ्याशी त्या संध्याकाळी फारसं कुणी बोललं नाही. सेक्रेटरीच्या मुलाने ताट आणून दिलं आणि नजर न मिळवता गेला. ते मला मिळायलाच हवं होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते सोसायला सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या कार्यालयाला अर्ज केला. सगळी हकीकत, माझ्या सहीने, वहिनीचं पूर्ण नाव घालून. इतिवृत्तात दुरुस्ती करावी, सदस्य क्रमांक अकरा ही बाई पहिल्या बैठकीस वेळेपूर्वी उपस्थित होती, असं नोंदवावं. या लेखात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, पण त्या अर्जात तिचं घातलं आहे, माहेरच्या नावासकट.

उत्तर परवा आलं. सदर कृतिगट विसर्जित झाला असल्याने मंजूर इतिवृत्तात बदल करता येत नाही. अर्ज दप्तरी दाखल.

ते पत्र घेऊन मी वहिनीकडे गेलो. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. मुलगी खाली टेम्पोवाल्याशी बोलत होती. मी पत्र वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे तिथे मी गैरहजरच."

"हो."

"राहू दे," ती म्हणाली. "तिथे मला ओळखणारं कोण होतं?"

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी पत्राची घडी करून खिशात ठेवली. मग तिने हात पुढे केला, मी तिला उठवलं, आणि आम्ही जिना उतरायला लागलो. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती, आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी दारात येऊन तिला हाक मारत होतं.